बारा जणींचा कोटा

जयपूरला कॉलेजात रुजू झाले त्याच आठवड्यात इतिहासाचे सर स्टाफरूममध्ये पेढे वाटत होते. कारण विचारले तर म्हणाले, "मिसेस की डिझायर लग गई." मला वाटले, बाईंची काही इच्छा पुरी झाली असेल. मी मनापासून अभिनंदन केले आणि सगळी स्टाफरूम हसली. त्यांची पत्नी बाडमेरकडे शाळेत शिक्षिका होती. तिची बदली जयपूरजवळ व्हावी म्हणून आमदारांनी पत्र दिले होते. त्या पत्राला राजस्थानात डिझायर म्हणतात. इच्छा मास्तरणीची, पण कागदावर ती आमदाराची म्हणून उमटते. सांगलीहून राज्यशास्त्रात एम. ए. करून आलेल्या मला लोकप्रतिनिधीची ही व्याख्या एकाही पुस्तकात भेटली नव्हती.

1997 ते 2023 मी तिथे राज्यशास्त्र शिकवले. त्यातली वीसेक वर्षे वादविवाद मंडळ माझ्याकडे होते. दरवर्षी मी एक विषय हटकून ठेवायची: निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देऊन, व्हावी, की आत्ता आहे तशी, एका मतदारसंघातून एक आमदार? विषय रुक्ष म्हणून मुले कुरकुरत. मला मात्र तो आवडे, आणि त्यामागचे कारण काही फार शोभणारे नव्हते. या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती.

उत्तर फळ्यावर मांडता येई. राजस्थान विधानसभेच्या जागा 200. 2013 साली भाजपला 45 टक्के मते आणि 163 जागा. काँग्रेसला 33 टक्के मते आणि जागा 21. मतांच्या हिशेबाने नव्वद आणि सहासष्ट व्हायला हव्या होत्या. पाच वर्षांनी, 2018 ला, दोन्ही पक्षांच्या मतांत जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक, पण एकाला 99, दुसऱ्याला 73. खडूने आकडे लिहून मी मागे सरायची आणि विचारायची, "आता सांगा, यात न्याय कुठे आहे?" पहिल्या बाकावरची मुले माना डोलवत. मागच्या बाकांवर काय चालले आहे, ते बघायला मला बरीच वर्षे लागली.

निवडणुकीची ड्यूटी मास्तरांना चुकत नाही. मला बहुतेक वेळा मतमोजणीचे काम मिळे. एका दालनात चौदा टेबले, प्रत्येक टेबलावर एक पर्यवेक्षक, एक सहायक, आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी मान वाकडी करून बघणारे. कंट्रोल युनिटचे सील तपासायचे, निकालाचे बटण दाबायचे, आणि यंत्र एकेका उमेदवाराची मते दाखवत जाई. चौदा यंत्रे झाली की एक फेरी.

8 डिसेंबर 2008 च्या मोजणीत दुपारी कुणीतरी बातमी आणली की नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मताने हरले. 62,216 विरुद्ध 62,215. क्षणभर दालनातल्या माणसांनी यंत्रांकडे पाहायचे सोडून एकमेकांकडे पाहिले. मुख्यमंत्रिपदासाठी ज्यांचे नाव घेतले जात होते, ते एका मताने बाहेर. पुढे कित्येक वर्षे 'एका मताची किंमत' म्हणून देशभर हाच दाखला दिला गेला. मतदार जागृतीच्या भाषणांत मीही तो दिला आहे. पण घरी परतताना माझ्या डोक्यात दुसराच आकडा घोळत होता. एका मताची किंमत ठरली खरी, पण बाकीच्या 62,215 मतांची काय ठरली? ती माणसेही उन्हातान्हात रांगेत उभी राहिली होतीच की.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. तिचा अर्थ मात्र मला उशिरा लागला. जाळीपलीकडचे प्रतिनिधी नुसती बेरीज लिहून घेत नव्हते. प्रत्येक यंत्रासमोर ते केंद्राचा क्रमांक लिहीत होते, आणि त्यापुढे गावाचे किंवा वस्तीचे नाव.

जमवा रामगढकडच्या खेड्यातली एक मुलगी सलग दोन वर्षे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या बाजूने बोलली. तिच्याइतकी नेमकी बोलणारी विद्यार्थिनी मला नंतर मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅम, इस बार मैं दूसरी तरफ़ से बोलूँगी." झाले होते असे: भर ज्येष्ठात गावातली डीपी जळाली. नऊ दिवस गावात वीज नाही आणि विहिरीवरची मोटार बंद. जेईएन, म्हणजे वीज कंपनीचा कनिष्ठ अभियंता, फोन उचलेना. दहाव्या दिवशी तिचे वडील आणि गावातली चार माणसे पहाटेच जयपूरला आमदाराच्या दारात जाऊन बसली. ही त्यांच्याबरोबर होती, कारण अर्ज तिने लिहिला होता. आमदार दात घासत बाहेर आले, अर्ज वाचला, एक फोन केला. संध्याकाळी डीपी आली.

"मॅम, पक्षाच्या यादीतून आलेले आमदार असते, तर मी कुणाच्या दारात जाऊन बसले असते?"

मी पुस्तकातले उत्तर दिले. डीपी बदलणे हे वीज कंपनीचे काम आहे, आमदाराचे नाही. आमदाराने कायदे करायचे असतात. ती हसली नाही, एवढा तिचा मोठेपणा. एवढेच म्हणाली, "आणि आमच्या घरात तर त्यांना मतसुद्धा दिले नव्हते."

या वाक्याने माझा खडू थांबला. हरलेली मते वाया जातात, हा माझा सगळा युक्तिवाद होता. इथे हरलेल्या मताचा माणूस जिंकलेल्याच्या दारात जाऊन काम करून आला होता. एका मतदारसंघाचा एकच आमदार असला की तो ज्यांनी पाडायचा प्रयत्न केला त्यांचाही असतो, निदान त्याला तसे दाखवावे तरी लागते. टक्केवारीच्या तक्त्यात ही गोष्ट बसतच नाही. त्या वर्षी ती दुसऱ्या बाजूने बोलली आणि पहिली आली. परीक्षक मीच होते.

पण गोष्ट इथे संपली असती तर ती गोड झाली असती. स्पर्धेनंतर चहाच्या वेळी त्याच भागातला एक मुलगा, मागच्या बाकावरचा, कधी न बोलणारा, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅम, हमारी ढाणी का डीपी भी जला था. कोई नहीं आया." ढाणी म्हणजे गावाबाहेरची पाच-पंचवीस घरांची वस्ती. ते आमदाराकडे गेले होते का, असे मी विचारले. गेले होते. आमदारांच्या माणसाने वस्तीचे नाव विचारले, मोबाइलमध्ये काहीतरी पाहिले आणि 'बघू' म्हणाला.

तेव्हा मला मोजणीच्या टेबलापलीकडची ती वही आठवली. केंद्र क्रमांक, वस्तीचे नाव, मते. मतदान गुप्त असते ते एका माणसापुरते. हजारभर मतदारांच्या केंद्राचे मतदान यंत्राने मोजले की ते उघडेच पडते. मतपत्रिकांच्या काळात निवडणूक आयोग सांगेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजत. यंत्रे आल्यावर तेही गेले. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर नावाचे उपकरण आयोगाने सुचवले आणि विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याची शिफारसही केली, पण ते अमलात आले नाही. म्हणजे 'स्थानिक' प्रतिनिधी तुम्हाला ओळखतो हे खरे, पण तो तुमची वस्तीही ओळखतो. दार एकच असले की ते उघडणाऱ्याच्या हातात बरेच काही जाते. डिझायर देण्याचा अधिकार आणि डिझायर न देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असतो.

या दोन मुलांनंतर मी फळ्यावरचे गणित बंद केले नाही, पण त्याआधी वर्गाला विचारू लागले की तुमच्या घरी शेवटचे कोण कुणाच्या दारात गेले होते आणि कशासाठी. उत्तरे ऐकली की तास संपून जायचा. अभ्यासक्रम मागे पडायचा. विभागप्रमुखांनी दोनदा कानउघाडणी केली.

मुलांना एक गोष्ट समजावताना मात्र माझीच एक जुनी चूक उघडी पडली. स्थानिक प्रतिनिधित्वाच्या बाजूची मुले नेहमी डॉ. आंबेडकरांचा हवाला देत: संविधान सभेत त्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्व नाकारले. ते खरेच आहे. 4 जानेवारी 1949 ला मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांची त्या अर्थाची दुरुस्ती चर्चेला होती आणि आंबेडकरांनी तिला विरोध केला. देशात साक्षरता अगदी कमी, मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायला लोक शिकलेले हवेत, आणि अशा पद्धतीने कायदेमंडळात गटांचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मी वर्षानुवर्षे एवढेच शिकवले. मराठी बाई, आंबेडकर शिकवते, म्हणून इथे या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानत. आणि मी अर्धेच शिकवत होते.

बाकीचे अर्धे असे. 1937 च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघ होते आणि मतदाराला जेवढ्या जागा तेवढी मते असत. ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. थोड्या लोकांनी आपली मते एकवटली तर बहुसंख्याकांच्या गर्दीतही त्यांचा माणूस निवडून येई. या एकत्रित मताच्या पद्धतीचा आग्रह आंबेडकरांनी धरला होता, आणि त्याच पद्धतीने ते मुंबईतून निवडून आले. समोर काँग्रेसतर्फे क्रिकेटपटू पालवणकर बाळू होते. पुढे 1946 ला संविधान सभेत ते आले ते बंगालमधून, आणि ती निवडणूक प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी एकल संक्रमणीय मताने, म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वानेच केली होती. ज्या सभागृहात त्यांनी ती पद्धत सार्वत्रिक निवडणुकीसाठी नाकारली, त्या सभागृहात ते त्याच पद्धतीने पोहोचले होते.

1952 ला उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच दिली तर त्यातले एक बाद. सुमारे 74 हजार मते बाद झाली. आंबेडकर हरले. त्यांनी आणि अशोक मेहतांनी निवडणूक याचिका केली, तीही फेटाळली गेली. आणि 1955 साली भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत आंबेडकरांनी लिहिले की अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी एकसदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकत्रित मत हवे. 1949 आणि 1955 यांच्यामध्ये एक निवडणूक होऊन गेली होती, आणि ती त्यांनी स्वतः लढवली होती. हे मी मुलांना सांगू लागले तेव्हा एकाने विचारले, "तो फिर बाबासाहेब किस तरफ़ थे?" मी म्हटले, दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या वर्षी. परीक्षेत असे लिहिलेले चालेल का, हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

जयपूरच्या ज्योतीनगरात विधानसभा आहे, आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची खरीखुरी निवडणूक तिथे दर दोन वर्षांनी होते. राज्यसभेची. 10 जून 2022 च्या निवडणुकीत चार जागा होत्या, आमदार 200. कोटा काढायची रीत सोपी: 200 ला जागांपेक्षा एक जास्त म्हणजे पाचाने भागा, आले 40, त्यात एक मिळवा. 41. पहिल्या पसंतीची 41 मते ज्याला मिळाली तो निवडून आला. (कोटा म्हटले की इथल्या मुलांना कोचिंग क्लासचे शहर आठवते. दरवर्षी हा विनोद होतो, दरवर्षी मी हसते.) त्या महिन्यात काँग्रेसचे आमदार उदयपूरच्या हॉटेलात होते आणि भाजपचे जयपूरबाहेरच्या रिसॉर्टात. निकाल लागला: काँग्रेसचे तीन, भाजपचा एक, आणि उद्योगपती असलेले अपक्ष उमेदवार पडले. मतांच्या प्रमाणात जागा, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

कोण निवडून आले ते मात्र पाहा. काँग्रेसचे तिघे हरियाणा, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र इथले. त्यातले मुकुल वासनिक तर आपले, बुलढाण्याचे माजी खासदार. त्याच दिवशी महाराष्ट्रातून काँग्रेसने उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी राज्यसभेवर पाठवले. माझ्या भावाचा सांगलीहून फोन आला, "आमच्या कोट्यातून परका आणि तुमच्या कोट्यातून आमचा, हा काय व्यवहार आहे गं?" राज्यसभेसाठी त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट 2003 साली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 ला तो बदल योग्य ठरवला. 2019 ला मनमोहनसिंग आणि 2024 ला सोनिया गांधी राजस्थानातून बिनविरोध गेले. हिशेब प्रमाणात बसतो, पण खेड्यातली डीपी जळाली तर यांच्या दारात जायचे कसे? यादी कोण करतो, हा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या फळ्यावर त्याला जागाच नव्हती.

जर्मनीचे नाव घेऊन मी पूर्वी सगळे वाद मिटवत असे. तिथे दोन मते: एक आपल्या मतदारसंघातल्या माणसाला, एक पक्षाला. दार पण आहे आणि प्रमाण पण. पण प्रमाण राखता राखता त्यांची संसद फुगत गेली, म्हणून 2023 ला त्यांनी ती 630 वर बांधली. परिणाम असा की 2025 च्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघात पहिल्या आलेल्या 23 उमेदवारांना जागाच मिळाली नाही. आता मी जर्मनीचे नाव जपून घेते. नेपाळचेही तसेच. 275 पैकी 165 जागा मतदारसंघांच्या, 110 यादीच्या, आणि प्रत्येक पक्षाच्या खासदारांत एक तृतीयांश बायका हव्यात असे संविधान सांगते. पक्ष करतात काय, मतदारसंघात पुरुष उभे करतात आणि यादीतून बायका भरतात. तरी राजस्थानपेक्षा बरे. 2023 ला इथे 200 मध्ये 20 बायका आल्या.

सगळ्यात जास्त मला शिकवले ते टक्केवारीने नव्हे, भूगोलाने. 2023 च्याच निवडणुकीत भारत आदिवासी पार्टी आणि राष्ट्रीय लोकतांत्रिक पार्टी या दोघांनाही सव्वादोन ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान मते होती. पहिल्या पक्षाला तीन जागा, दुसऱ्याला एक. आदिवासी मते डुंगरपूर-बांसवाड्याच्या पट्ट्यात एकवटलेली, दुसऱ्यांची पसरलेली. एकसदस्यीय पद्धतीत तुम्ही किती आहात याइतकेच, तुम्ही कुठे राहता यालाही महत्त्व आहे. हे वाक्य मी वर्गात म्हणाले आणि मनात आले, आपण इथल्या मराठी लोकांबद्दलच बोलतो आहोत. जयपुरात मराठी माणसे आहेत. बँकेतली, रेल्वेतली, सराफ्यातली, कॉलेजातली, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. मानसरोवर, झोटवाडा, मालवीय नगर, जुने शहर, सगळीकडे चार-चार घरे. झोटवाड्याच्या मतदारसंघातच चार लाखांवर मतदार. तिथे आपली चार घरे म्हणजे काय?

गणपतीपुरती मात्र ती चार-चार घरे एकत्र येतात. आमचे मंडळ छोटे, नाव सांगण्याइतके मोठे नाही. मतदार सभासद 93, कार्यकारिणीच्या जागा सात. निवडणूक हात वर करून. सात नावांचे एक पॅनेल उभे राही, बहुधा एकाच कॉलनीतल्या जुन्या मंडळींचे. पंचावन्न हात वर होत आणि सातही जागा त्यांच्या. उरलेल्यांत सव्वीस जण होते नोकरीनिमित्त अलीकडे आलेले तरुण. आणि बारा बायका होत्या, ज्या स्वयंपाकघर सांभाळत. दहा दिवस प्रसाद, शेवटच्या दिवशी हजारेक मोदक. त्यांच्यातली एकही कधी समितीत नव्हती. त्यांनी कुणी तसे मागितलेही नव्हते, असे जुनी मंडळी सांगत.

निवृत्त होण्याच्या वर्षी मला उत्साह आला. मी सर्वसाधारण सभेत सुचवले, यंदा पसंतीक्रमाने मतदान करू. बाईंना हौस आहे, करू द्या, अशा सुरात ठराव पास झाला. मी मतपत्रिका छापल्या. 93 ला आठाने भागले, आले अकरा आणि वर काही, अधिक एक. कोटा बारा. मतमोजणीसाठी चिंचोके आणले, कारण वर्गात मुलांना मी चिंचोक्यांनीच शिकवत असे. ज्याला बारापेक्षा जास्त मिळाले, त्याचे जादा चिंचोके पुढच्या पसंतीला द्यायचे. ज्याला सगळ्यात कमी, त्याला बाद करून त्याचेही वाटायचे. सातव्या फेरीपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. मसालेभात गार झाला. एक आजोबा म्हणाले, "अहो, राष्ट्रपतीची निवडणूक आहे का?" मी म्हटले, "हो, तशीच असते ती."

निकाल: जुन्या मंडळींचे चार, तरुणांचे दोन आणि बायकांची एक. बारा जणींनी एकच नाव पहिल्या पसंतीला लिहिले होते. बरोब्बर कोट्याइतकी मते. त्या वहिनी निकाल ऐकून इतक्या गोंधळल्या की त्यांनी मलाच विचारले, "म्हणजे आता मला काय करावे लागेल?"

त्यांनी पहिल्याच बैठकीत भाड्याचा गॅस आणि मोदकांसाठी दोन मदतनीस बायका पगारावर ठेवण्याचा ठराव आणला. वीस वर्षांत स्वयंपाकघराचा खर्च बैठकीत निघालाच नव्हता, कारण तो खर्च कुणाला दिसत नव्हता. ठराव चार विरुद्ध तीनने पडला, पण इतिवृत्तात आला. पुढच्या वर्षी पास झाला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाबद्दल मी सव्वीस वर्षे जे बोलले त्यापेक्षा हे मला जास्त पटले.

दुसरी बाजूही सांगते. त्या वर्षी ऐन विसर्जनाच्या आदल्या दिवशी पावसाने मांडव गळायला लागला. पूर्वी सचिवांना एक फोन गेला की माणूस हजर. या वेळी कुणाला फोन करायचा हेच ठरेना. तरुणांचे दोघे म्हणाले, मांडव जुन्या मंडळींच्या सदस्याकडे आहे. जुने म्हणाले, आता सगळ्यांचा कारभार आहे ना, मग सगळ्यांनी बघा. गणपतीवर शेवटी माझ्या घरची ताडपत्री घातली. वर्गात मी याला जबाबदारीचा धागा म्हणते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ भिजलेली सतरंजी.

पुण्यातल्या माझ्या बहिणीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग आमचे काय निराळे आहे?" तिच्या प्रभागात चार नगरसेवक. 2017 पासून पुण्यात बहुतेक प्रभाग चारचे. ड्रेनेज तुंबले म्हणून तिने चौघांना फोन केले, प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. दारे चार, उघडे एकही नाही. बरे, चार जागा असून प्रमाण तरी साधते का? नाही. मतदार चार मते देतो, प्रत्येक जागेला एक, आणि ज्या पक्षाचे लोक निम्म्याहून थोडे जास्त, त्याचे चारही येऊ शकतात. आमच्या मंडळाच्या पॅनेलसारखेच. बहुसदस्यीय प्रभागाचा सगळा तोटा घेतला आणि फायदा टाकून दिला.

म्हणून आता कुणी विचारले तर माझे मत असे आहे. गटार, दिवा, पाणी यांच्यासाठी एक प्रभाग, एक नगरसेवक. तिथे दारच हवे. आणि जिथे कायदे होतात, त्या विधानसभेसाठी तीन किंवा चार आमदारांचे मतदारसंघ आणि पसंतीक्रमाचे मत. म्हणजे जमवा रामगढच्या त्या मुलीला एक दार बंद मिळाले तर दुसरे मिळेल आणि ढाणीतल्या मुलालाही त्या दारांतले एखादे आपले असेल. यादी पक्षाने करायची नाही, क्रम मतदाराने लावायचा. 1949 ला साक्षरतेची अडचण होती. ती आता तितकी नाही. वीस लाखांवर मतदारांच्या जयपूर लोकसभा मतदारसंघात एक खासदार 'स्थानिक' आहे, असे म्हणायला मात्र मला आता जीभ रेटत नाही. महाराष्ट्रात तर अर्धे काम झालेले आहे. चार सदस्यांचे प्रभाग तयारच आहेत. चूक झाली ती बटणे दाबण्याच्या पद्धतीत, आणि तीही नेमक्या चुकीच्या सभागृहासाठी.

आमच्या मंडळात ती पद्धत दोन वर्षे चालली. तिसऱ्या वर्षी सर्वसाधारण सभेत जुन्या पद्धतीकडे परत जाण्याचा ठराव आला आणि त्यावर मतदान हात वर करून झाले. 51 विरुद्ध 40, दोघे गैरहजर. पुन्हा एक पॅनेल, पुन्हा सातही जागा एकाच कॉलनीत. वहिनी समितीत नाहीत. पगारी मदतनिसांचा खर्च पहिल्याच बैठकीत कापला गेला.

गेल्या गणपतीत त्या बारा जणी आरतीला आल्या, पुढच्या रांगेत बसल्या आणि प्रसाद घेऊन घरी गेल्या. मोदक मिठाईवाल्याकडून आले.